कोरडी त्वचा आणि रखरखीत केस: काय लावायचं, कधी लावायचं आणि कशाच्या आधी

रोज तेल लावते तरी स्किन कोरडीच. ही तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकलीय आणि स्वतः पण इतकी वर्षं केलीय की आज बसून सगळं एकदा नीट लिहूनच काढते. कोरडेपणावर उपाय शोधायला गेलं की हे लावा ते लावा अशी लांबलचक यादी मिळते, पण ओल्या अंगावर लावायचं की कोरड्या, किती लावायचं, आधी काय आणि नंतर काय हे कोणी धड सांगत नाही, आणि सगळा फरक तर तिथेच पडतो.

आधी एक करून बघा. आंघोळीनंतर काहीही न लावता तासभर थांबा आणि मग नडगीवर नखाने हलकेच एक रेघ ओढा. खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटली, आणि पाय उजेडात तिरका धरला की कडा किंचित उचललेले बारीक खवले दिसले, सुकलेल्या चिखलावर पडते तशी जाळी दिसली, तर तुमची स्किन खरंच कोरडी आहे. नडगीच का, तर तिथे तेलग्रंथी फार कमी असतात, त्यामुळे कोरडेपणा आधी तिथे दिसतो. चेहरा तेलकट आणि पाय असे, हे एकाच माणसाचं असू शकतं, तेव्हा माझी स्किन ऑयली आहे मला काही गरज नाही असं लगेच ठरवू नका.

तेल म्हणजे पाणी नाही

एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींची भिंत. पेशी म्हणजे विटा आणि मधलं सिमेंट म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. हे सिमेंट शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं. कढत पाणी, साबण, घासणी, कोरडी हवा, वाढतं वय या सगळ्यांनी ते कमी होत जातं, मग पाणी उडायला लागतं, आणि वरच्या थरात साधारण १० टक्क्यांच्या खाली पाणी गेलं की तो थर कडक होतो, खवले सुटतात, कातडी ओढल्यासारखी वाटते, खाज येते, खाजवलं की भिंत अजून ढासळते. म्हणजे कोरडी त्वचा ही मुळात पाणी उडालेली त्वचा आहे. कोरड्याठाक अंगावर तेल चोपडलं तर आपण फक्त झाकण ठेवतो. झाकण हवंच हो, पण आधी भांड्यात पाणी तर पाहिजे!

म्हणून क्रम असा: आधी गळती थांबवायची, मग पाणी द्यायचं, मग झाकण. खालचं सगळं याच क्रमाने लिहिलंय. आणि घाई करू नका, वरचा थर नवा व्हायला साधारण ४ आठवडे लागतात, वय वाढलं की अजून जास्त, त्यामुळे खाज आणि ताण दोनचार दिवसांत कमी वाटला तरी स्किनचा पोत सुधारायला महिनाभर द्यावाच लागतो.

पाणी भरपूर प्या हा सल्ला सगळीकडे असतो. तहान मारू नका, पाणी प्याच, पण शरीरात पाणी पुरेसं असताना वरून अजून चार ग्लास प्यायल्याने नडगीवरचे खवले जात नाहीत. पाणी उडतंय ते वरून, म्हणून काम पण वरूनच करावं लागतं.

पायरी १: आंघोळ बदला

एकही पैसा खर्च न करता सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि नेमकं हेच कोणाला करायचं नसतं, कारण कढत पाण्याची आंघोळ सुखाची असते, मला माहितीये.

पाणी कोमट ठेवा. अंगावर घेतल्यावर कातडी लाल झाली, आरशावर दाट वाफ धरली, तर ते गरम आहे. वेळ ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नको. आता साबण. निरोगी त्वचेचा पीएच (आम्ल की अल्कली ते मोजायचं माप, ७ म्हणजे मधोमध) साधारण ४.५ ते ५.५ म्हणजे थोडा आम्ल बाजूचा असतो, आणि नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९ ते १०. फेस जितका करकरीत तितकं सिमेंट जास्त धुतलं जातं. तेव्हा साबण फक्त काखा, जांघा, पाय आणि जिथे खरंच मळ आहे तिथेच लावा, हात-पाय-पाठ रोज साबणाने घासायची काहीच गरज नसते. सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर मिळाला तर उत्तमच. घासणी, लूफा, खरखरीत दगड हे सगळं निदान महिनाभर बाजूला. खवले दिसतात म्हणून घासून काढायची इच्छा होते, पण ते खवले म्हणजे घाण नाही, ती सुकलेली भिंत आहे, घासलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट दिसतात.

घरगुती पिठं आणि पावडरी पण यातच धरा. डाळीचं पीठ, रिठा, शिकेकाई ही नैसर्गिक आहेत हे खरं, पण रिठा-शिकेकाईत सॅपोनिन असतं, म्हणजे फेस करून तेल काढून टाकणारं द्रव्यच, आणि पीठ तर तेल शोषूनच घेतं. तेलकट स्किनला ठीक, कोरडीला नको. मुलतानी मातीचंही तेच.

पायरी २: पहिली ३ मिनिटं

आंघोळ झाली की टॉवेलने रगडून पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, अंग ओलसर राहिलं पाहिजे, म्हणजे बोट फिरवलं तर गार लागलं पाहिजे पण थेंब ओघळता कामा नयेत. आणि मग ३ मिनिटांच्या आत, बाथरूममध्येच, जे काय लावायचं ते लावायचं. कपडे घालून, केस विंचरून, एक फोन घेऊन मग निवांत लावू असं म्हणाल तर तोपर्यंत अंगावरचं पाणी उडून गेलेलं असतं आणि जाताना आतलंही थोडं घेऊन जातं. मी हा एक बदल केला, तेल तेच, बाटली तीच, फक्त बाटली कपाटातून उचलून बाथरूमच्या फळीवर ठेवली, आणि आठवड्याभरात नडगीवरची पांढरी रेघ फिकट झाली.

काय लावायचं हे समजायला तीन गट लक्षात ठेवा. पहिला गट पाणी धरून ठेवणारा: ग्लिसरीन, मध, कोरफड. दुसरा गट भेगा भरून मऊ करणारा: बहुतेक तेलं. तिसरा झाकण लावणारा: पेट्रोलियम जेली, मधमाशीचं मेण, शिया बटर. पेट्रोलियम जेली काही झाडावर उगवत नाही म्हणून नैसर्गिक उपायवाले नाक मुरडतात, पण पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही आणि तिची अ‍ॅलर्जी पण फार क्वचित होते, म्हणून भेगाळलेल्या जागी मी तीच वापरते आणि तुम्हालाही तीच सांगेन.

पायरी ३: तेल कुठलं

सगळी तेलं सारखी नसतात, यावर जरा थांबूया.

खोबरेल तेल कोरड्या त्वचेला चांगलं, पाणी उडणं कमी करतं, जंतूंनाही थोडं आवरतं. पण चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतील तर चेहऱ्याला नको, ते छिद्रं बुजवतं. सूर्यफुलाचं तेल लोक स्वयंपाकाचं म्हणून बाजूला ठेवतात पण त्वचेसाठी ते फार गुणाचं आहे, त्यात लिनोलिक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि ते त्या सिमेंटच्या घडणीत लागतं. मात्र बाटलीवर हाय ओलेइक लिहिलेलं असेल तर ते वेगळं, त्यात लिनोलिक कमी असतं. बदाम तेल, जोजोबा हेही ठीक.

आता ऑलिव्ह ऑइल. हे फार लोकप्रिय आहे म्हणून मुद्दाम सांगते, त्यात ओलेइक अ‍ॅसिड जास्त असतं आणि ते भिंत सैल करतं. मोठ्या माणसांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, त्यात दिवसातून दोनदा ऑलिव्ह ऑइलचे थोडे थेंब काही आठवडे हातावर लावल्यावर त्वचेचा वरचा थर कमकुवत झालेला दिसला, सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही. तेव्हा कोरड्या स्किनवर, आणि तान्ह्या बाळाला तर नकोच. मोहरीचं तेल पण जळजळ करू शकतं. आणि शेंगदाणा किंवा तीळ यांची अ‍ॅलर्जी घरात कोणाला असेल तर फुटलेल्या, खाजवलेल्या त्वचेवर त्यांची तेलं लावूच नका.

किती लावायचं? एका पायाला अर्धा चमचा पुरतो, ओल्या अंगावर तेल छान पसरतं म्हणून कमी लागतं. तळहातावर घेऊन चोळा आणि केसांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली फिरवा, उलट चोळलं तर केसांच्या मुळाशी बारीक फोड येतात. लावून झाल्यावर अंग निथळत असेल तर जास्त झालं.

एक सावधगिरी, दोन खरं तर. तेल लावून बाथरूममध्ये पाय सरकतो, खाली रबरी मॅट टाका, विशेषतः घरात वयस्कर कोणी असेल तर. आणि तेल किंवा पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे, टॉवेल, चादरी ठिणगीने फार पटकन पेटतात, धुतल्यावरही त्यात थोडं राहतं, तेव्हा ते घालून शेगडी, मेणबत्ती, सिगरेट यांच्याजवळ जायचं नाही.

ग्लिसरीन, कोरफड, मध

ग्लिसरीनबद्दल माझा अनुभव सांगते. कोरड्या थंडीत मी बाटलीतून घेऊन तसंच्या तसं हाताला लावायचे, रात्री लावायचे आणि सकाळी हात वरून चिकट आणि आतून ओढल्यासारखे. वाटायचं अजून लावायला हवं, अजून लावायचे. ग्लिसरीन पाणी ओढतं हे खरं, पण हवेत पाणीच नसेल तर ते आतून ओढतं, आणि वर झाकण नसेल तर तेही उडून जातं. बरोबर पद्धत अशी की १ भाग ग्लिसरीन, ४ भाग पाणी किंवा गुलाबपाणी, ओलसर हातावर लावायचं आणि लगेच त्यावर दोन थेंब तेल किंवा जेलीचा पातळ हात. याने माझे हात सुधारले.

कोरफडीचं पान ताजं कापलं की कापलेल्या बाजूने पिवळसर, कडू रस निघतो. तो गर नव्हे. त्याने खाज आणि पुरळ येऊ शकतो म्हणून पान कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटं उभं ठेवा, रस गळू द्या, मग धुवा, साल काढा आणि आतला काचेसारखा गर तेवढा घ्या, तो पुन्हा एकदा पाण्याखाली धरा. गर लावला की गार वाटतं, सुकला की ताण बसतो. ताण बसणं म्हणजे काम झालं असं नाही, त्यावर तेल लागतंच. नुसती कोरफड लावून सोडून देणं ही फार कॉमन चूक आहे.

मध चेहऱ्याला पातळ थरात १० मिनिटं, कोमट पाण्याने धुवायचा. बरा असतो, चमत्कार काही नाही. तान्ह्या मुलांच्या हाताला, तोंडाजवळ मात्र लावू नका, १ वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध जाणं धोक्याचं असतं.

काहीही नवीन असलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत लावून बघायचं, दिवसातून दोनदा, शक्य असेल तर आठवडाभर. एका रात्रीत काही झालं नाही म्हणजे पास असं नसतं, अ‍ॅलर्जी कधी कधी दोनतीन दिवसांनी उठते. आणि ज्यात पाणी किंवा ताजा गर आहे असं घरी केलेलं मिश्रण फ्रीजमध्ये ठेवून ३-४ दिवसांत संपवा, वास बदलला की टाकून द्या, त्यात बुरशी न दिसताही जंतू वाढलेले असतात.

खाज खूप असेल तर ओट्स

घरगुती उपायांपैकी माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर आहे. बारीक दळलेल्या ओट्सला, म्हणजे कोलॉइडल ओटमीलला, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००३ साली त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. ओट्समध्ये खाज आणि लाली कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यातला स्टार्च अंगावर पातळ पापुद्रा धरतो.

साधे, बिनसाखरेचे, बिनफ्लेवरचे ओट्स घ्या आणि मिक्सरमधून अगदी पिठासारखे काढा. बरोबर दळले गेलेत का ते बघायला एक चमचा पीठ ग्लासभर कोमट पाण्यात घाला आणि ढवळा. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं, बोटांमध्ये घेतलं तर बुळबुळीत रेशमासारखं लागलं आणि तळाशी लगेच साका बसला नाही तर जमलं. कण खाली बसले तर अजून एकदा फिरवा. टब असेल तर एक कप पीठ वाहत्या कोमट पाण्याखाली हळूहळू भुरभुरवत सोडा आणि १०-१५ मिनिटं बसा. टब नसेल तर बादलीत अर्धा कप घाला, नेहमीची आंघोळ झाल्यावर हे पाणी सावकाश मगाने अंगावर घ्या, जिथे खाजतं तिथे ओला सुती कपडा त्यात बुडवून ५ मिनिटं ठेवा. नंतर खळाळून धुवायचं नाही, टिपायचं आणि ३ मिनिटांचा नियम. पुन्हा सांगते, ओट्सच्या पाण्याने फरशी भयंकर निसरडी होते.

ओठ, हात, टाचा

ओठ कोरडे पडले की जीभ फिरवायची सवय आधी सोडा, लाळ उडताना ओठ अजून सुकवते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं पातळ कातडी सोलतात. पुदिना, दालचिनी, कापूर असलेले झणझणीत बाम नकोत. झोपताना जेली, बस.

हात दिवसातून दहा वेळा धुतले जातात, म्हणून मलमाची डबी बेसिनपाशी हवी, कपाटात नाही. भांडी घासताना रबरी हातमोजे आणि घाम येत असेल तर आत पातळ सुती मोजे.

टाचांना तेलग्रंथीच नसतात, तळहात-तळपायांना कुठेच नसतात, शिवाय तिथली कातडी जाड आणि सगळं वजन तिच्यावर. माझ्या आईच्या टाचेला एक भेग होती, कडेने पिवळट, टणक, चादरीचा धागा अडकायचा तिच्यात, आणि आत बघितलं तर लाल रेघ. ती रोज कढत पाण्यात पाय बुडवून दगडाने खसाखसा घासायची. पण आईला डायबिटीस आहे, आणि डॉक्टरांनी हे साफ बंद करायला लावलं, कारण पायाची संवेदना कमी असली की भाजलेलं, सोललेलं कळत नाही आणि जखम चिघळते. डायबिटीस असणाऱ्यांनी टाचा घासणं, कापणं, भिजवत बसणं घरी करूच नये. आम्ही फक्त रोज रात्री ओलसर पायावर जेली आणि वर सैल सुती मोजे एवढंच केलं, बोटांच्या बेचक्यात न लावता, कारण तिथे ओल राहिली की बुरशी होते. महिन्याने भेगेच्या कडा मऊ पडल्या. बाकीच्यांनी कोमट पाण्यात १० मिनिटं पाय ठेवून प्यूमिस दगड एकाच दिशेने हलका फिरवायला हरकत नाही, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, रक्त असेल तर अजिबात नाही. युरिया असलेलं क्रीम मिळालं तर टाचांना जेलीपेक्षाही चांगलं, युरिया आपल्या त्वचेत मुळातच असतो.

आता केस

त्वचा जिवंत असते, भरून येते. केस डोक्याबाहेर आला की तो मेलेला असतो, तो भरून येत नाही, दुभंगलेलं टोक कुठल्याही तेलाने जुळत नाही, ते कापावंच लागतं. म्हणून केसांचे उपाय म्हणजे दुरुस्ती कमी आणि राखण जास्त. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे खांद्याखाली आलेलं टोक तीनचार वर्षं जुनं आहे, इतकी उन्हं, इतक्या धुण्या आणि इतके कंगवे त्याने सोसलेत. मुळापाशी केस मऊ आणि टोकाला काथ्यासारखा, ते यामुळेच.

एक केस घ्या आणि दोन बोटांच्या चिमटीतून मुळाकडून टोकाकडे ओढा, मग टोकाकडून मुळाकडे. दुसऱ्या वेळी खरखर लागेल. ते केसावरचे खवले, कौलांसारखे एकावर एक बसलेले. टोकाशी हे खवले उचललेले, तुटलेले असतात, त्यातून पाणी पटकन आत शिरतं आणि पटकन बाहेर पडतं, केस फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो आणि कमजोर होतो.

इथे खोबरेल तेल खरंच कामाचं आहे. २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) यांची तुलना करणारं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात केसातून प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी केलं. त्यातल्या लॉरिक अ‍ॅसिडचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, बाकीची दोन वरच राहतात. म्हणजे त्वचेला सूर्यफूल आणि केसाला खोबरेल, माझं घरात सध्या असंच चाललंय. पण लावायची वेळ महत्त्वाची: धुवायच्या आधी. निदान अर्धा-एक तास, हवं तर रात्रभर. कानाच्या खालच्या लांबीला आणि टोकांना लावा, टाळूवर थापायची गरज नाही.

टाळूचं सांगायला हवं, कारण इथे लोक फार फसतात. टाळू कोरडी असेल तर बारीक, पांढरे, सुटे कण खांद्यावर पडतात आणि बहुतेक वेळा हातापायाची स्किन पण कोरडी असते. कोंडा असेल तर पापुद्रे मोठे, पिवळसर, तेलकट, मुळाशी चिकटलेले असतात, खाजही जास्त. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावरच जगते, म्हणून कोंडा झालाय म्हणून डोक्यावर तेल थापलं तर दोन दिवस पापुद्रे चिकटून दिसेनासे होतात आणि मग जास्तच येतात. कोंड्याला अँटीफंगल शाम्पूच लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

धुताना शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, आणि वाहून जाणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर उलट, टाळू सोडून फक्त लांबीला, २-३ मिनिटं. केस कोरडे असतील तर आठवड्यातून दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं, पण डोकं घामेजतं त्यांनी धुवावं, तेलकट टाळू तशीच ठेवणं हा काही उपाय नाही.

जवसाचं जेल मला आवडतं आणि ते सोपं आहे. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत ७-१० मिनिटं. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार यायला लागली, चमचा उचलल्यावर लांब धागा लोंबला की लगेच गॅस बंद करा आणि गरम असतानाच गाळा, गार झालं की गाळणीतून एक थेंब उतरत नाही, मी दोनदा सगळं फेकलंय. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. धुतलेल्या ओल्या केसांना लिंबाएवढं घेऊन लांबीला चोळा, त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब. इथेही तेच, आधी पाणी, मग धरून ठेवणारं, मग झाकण.

अंडं, केळं, दही यांच्याबद्दल थोडक्यात. अंड्यातलं प्रोटीन केसात शिरण्याएवढं लहान नसतं, ते वरच बसतं, आणि गरम पाण्याने धुतलं तर केसातच शिजतं. केळ्याचे कण दोन दिवस निघत नाहीत. दह्याने केस तात्पुरते मऊ वाटतात, करायचं तर करा.

ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो, ओढला की ताणतो आणि तुटतो. म्हणून टॉवेलचा घट्ट फेटा नको, जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपा, मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जा. ड्रायर लागतच असेल तर १५ सेंटीमीटर लांब धरा आणि सतत हलवत राहा.

हे मात्र नको

लिंबू. त्याचा पीएच २ च्या आसपास, फुटलेल्या स्किनवर आग होते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग पडू शकतात जे महिनोन् महिने जात नाहीत. बेकिंग सोडा याच्या उलट बाजूचा, अल्कलीवाला. माझी मावसबहीण सोड्याने केस धुवायची कारण पहिल्या दिवशी एकदम स्वच्छ, हलके वाटायचे. चार महिन्यांत तिचे केस मधूनच तुटायला लागले, उशीवर दोन-दोन इंचांचे तुकडे, मुळासकट गळलेले नव्हे तर तुटलेले. सोडा बंद करून, टोकं कापून वर्ष गेलं तेव्हा वेणी नीट झाली. व्हिनेगर न पातळ करता नको, साखर-मिठाचे स्क्रब नकोत, इसेन्शियल ऑइल थेट नको.

खोली आणि कपडे

हीटर किंवा एसी चालू असलेल्या खोलीत हवा फार कोरडी होते. ह्युमिडिटी ३० ते ५० टक्के असली की स्किन बरी राहते, मीटर स्वस्तात मिळतो. ह्युमिडिफायर घेतला तर रोज पाणी बदला आणि नीट धुवा, नाहीतर तोच बुरशी उडवतो. लोकर थेट अंगाला नको, आत सुती घाला. कपड्यांना वासाचे सॉफ्टनर बंद करा, कपडे एकदा जास्त खळबळा.

किती दिवस वाट बघायची

हे सगळं नेमाने २-३ आठवडे करूनही नडगीची रेघ तशीच असेल, खाजेने झोप मोडत असेल, भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, लाल जाड चट्टे असतील, तर स्किनच्या डॉक्टरकडे जा. एक्झिमा, सोरायसिस यांना नुसतं तेल पुरत नाही. अचानक सगळं अंग कोरडं पडलं आणि सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइड तपासायला सांगा, डायबिटीस आणि किडनीच्या आजारातही त्वचा अशी होते, काही औषधांनीही होते, तेव्हा चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. केस मुळासकट मूठभर येत असतील तर थायरॉइडसोबत लोह पण बघतात. आणि जायच्या दिवशी सकाळी अंगाला काहीही लावू नका, डॉक्टरांना स्किन आहे तशी दिसू द्या.